टाचणीचं वजन

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. मी तिथे होते, पूर्ण शुद्धीत होते, आणि माझ्या हातात साडेतीन किलो वाळू होती.

गेल्या हिवाळ्यातला शनिवार. शहराबाहेरचं धरण. काठावर लाकडी धक्का, आणि शाळकरी मुलींच्या बोटींच्या शर्यती.

वेळ सकाळची. लोक चहा पीत होते. भुताला रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी मुद्दाम सांगते.

मी कपडे शिवते. जिच्याबाबत हे घडलं ती माझी भाची, माझ्या ताईची धाकटी. वय चौदा. अंगाने इतकी बारीक की संघातल्या मुली तिला टाचणी म्हणतात. टोचतेही तशीच. मीही इथे तेच नाव लिहिते, कारण खरं नाव छापलं तर ताई माझ्याशी बोलणं टाकेल.

त्यांच्या बोटीत चौघी वल्ही मारतात. त्यांची पाठ पुढे आणि तोंड मागे, त्यामुळे आपण कुठे चाललोय ते त्यांना दिसत नाही. पाचवी मुलगी अगदी शेवटी बसते, सुकाणू धरते आणि माइकवरून ओरडून चौघींना चालवते. तिला कॉक्स म्हणतात.

टाचणी कॉक्स.

"पाच जणींत मी एकटी फुकटी," ती म्हणायची. "घाम त्यांचा, पदक माझं."

हसून म्हणायची. पण ते तिला लागायचं, मला कळायचं.

आता नियम असा की कॉक्सचं वजन पंचेचाळीस किलो हवंच. कमी भरलं तर तेवढी वाळू बोटीत सोबत न्यायची, म्हणजे हलकी पोरगी बसवून कुणी फायदा लाटू नये. टाचणीला साडेतीन किलो कमी पडायचे. तिची वाळूची पिशवी मीच शिवलेली, जुन्या जीन्सच्या पायाची, दुहेरी शिवण घालून. त्यांच्या बोटीत ती कॉक्सच्या जागेखाली कायमची बांधलेली असायची. वर्षभरात टाचणीला ती आठवावी लागलीच नव्हती.

त्या शनिवारी त्यांची बोट ट्रकमधून येताना तडकली.

यजमान क्लबने एक जुनी बोट दिली. बरीच जुनी. टाचणीने आपली पिशवी सोडवून घेतली, सकाळी पंचांकडे स्वतःचं आणि पिशवीचं वजन करून घेतलं. साडेएक्केचाळीस अधिक साडेतीन. ठीक.

मुलींनी बोट खांद्यावर घेतली आणि चौघींच्या तोंडून एकदमच आवाज निघाला.

"आई गं, हिच्यात कुणी झोपलंय का?" सगळ्यात मागची म्हणाली. उंचच उंच पोरगी, तिला ताडमाड म्हणतात. तिचं वयोगटात बसायचं ते शेवटचं वर्ष. ही शर्यत जिंकली तर राज्याच्या निवडीला, नाहीतर कायमचं घरी.

टाचणीने पिशवी बाकावर ठेवली, कारण बोट उतरवायला तिला हात द्यायचा होता. पाण्यात बोट डुगडुगत होती. मॅडम, म्हणजे त्यांच्या प्रशिक्षक, घाई करत होत्या.

बोट गेली.

मी मुलींची जाकिटं गोळा करायला बाकाशी गेले. एक उचललं, दुसरं उचललं... आणि त्याखाली जीन्सचा पाय.

पिशवी नाही म्हणजे शर्यत संपताच पाचही जणी बाद. मी ती काखेत मारली आणि काठाकाठाने धावत सुटले. माझं वय पन्नास. लोक बघत होते. एकाने तर विचारलं, "ताई, तंगडी कुणाची आणलीत?" मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

अर्ध्यावर पोहोचले तोवर भोंगा झाला. बोटी सुटल्या.

मी एका दगडावर बसले. आता काही उपाय नव्हता.

मग पाण्यावरून आवाज आला.

टाचणीचाच आवाज. बोटीत बाकांखाली स्पीकर असतात, त्यामुळे काठावरही थोडं ऐकू येतं. "पाय दाबा... एक... लांब... दोन..." संथ, ठाम. मी मनात म्हटलं, बिचारीला अजून कळलेलं दिसत नाही.

पण ऐकता ऐकता मला काहीतरी खटकलं.

टाचणी ओरडली की तिचा आवाज शेवटाला फाटतो. लहानपणापासून. कितीदा तिची नक्कल करून मी तिला रडवलंय.

हा आवाज फाटत नव्हता.

बोट माझ्यासमोरून गेली. टाचणी पाठमोरी नव्हती, मला एका बाजूने दिसत होती. खांदे पडलेले. हनुवटी छातीला टेकलेली. माइकची पट्टी गळ्यात लोंबत होती.

आणि आवाज येतच होता.

"आता दहा जोरात," तो म्हणाला. "दहा... माझ्यासाठी."

चौघींनी असे काही दहा हात मारले की बोट पाण्यातून उठल्यासारखी झाली.

त्या पहिल्या आल्या. एक अख्खी बोट पुढे.

मी धक्क्यावर पोहोचले तेव्हा मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. टाचणी अजून बोटीतच. तिने कसंबसं उठून अंगातलं जाकीट काढून कमरेला गुंडाळलं, वर आली आणि थेट पंचबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"माझी पिशवी राहिली," ती म्हणाली. "काठावर. चूक माझी आहे. यांचं काही नाही यात."

ताडमाडने खाली बसून गुडघ्यांत डोकं घातलं. मॅडमनी तोंड फिरवलं. माझ्या भाचीचा चेहरा मी त्याआधी कधी तसा पाहिला नव्हता. मला तिला जाकिटासकट उचलून घरी न्यावंसं वाटलं. मी पुढे झाले आणि पिशवी दाखवली.

पंचबाईंनी मान हलवली. कडक बाई, पण वाईट नव्हती. "कमी किती भरतं ते निकालात लिहावं लागतं, बाळा. उभी राहा काट्यावर."

टाचणी उभी राहिली.

पंचबाईंनी आकडा पाहिला. तिला उतरवलं. काटा शून्यावर आणला. पुन्हा चढवलं.

पंचेचाळीस.

"खिशात काही आहे?"

खिसेच नव्हते. जाकीटही काढायला लावलं. तिने ते इतक्या नाखुशीने काढलं की मला कळेना. तिची सगळी मांडी ओली होती. मागे एक पोरगी फिसकन हसली.

काटा पंचेचाळीसवरच.

"सकाळी आमच्याकडून चूक झाली असणार," पंचबाई म्हणाल्या. "पिशवी लागतच नाही हिला. निकाल कायम."

सगळीकडे एकच आरडाओरडा झाला. मुलींनी टाचणीला खांद्यावर घेतलं, पण लगेच खाली ठेवलं. "केवढी जड झालीस गं," कुणीतरी म्हणालं.

बोट परत ठेवायला उचलली, तेव्हा मात्र ती चौघींनी हसत हसत वर केली.

मी ते पाहिलं.

कपडे बदलायच्या खोलीत टाचणी दार लावून बसली. बाहेर मुलींचं चाललं होतं, आज ती काय ओरडली, अंगावर काटा आला, तिच्यामुळेच जिंकलो. मी आत गेले. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"मावशी, मी एक शब्द बोलले नाही."

सुरुवातीच्या रेषेवर तिने पायाशी पिशवी चाचपली आणि तिला कळलं. तिचा घसाच बंद झाला. चौघींचं वर्ष आपण पाण्यात घातलं, आणि कशाने, तर एक पिशवी न्यायला विसरून. एवढं एकच तर काम होतं तिला. तिने माइक खाली ओढला आणि अख्खी शर्यत रडत बसून राहिली.

"मग आवाज?"

"माहीत नाही. मला ऐकू आला नाही. मला फक्त... थंड लागलं. मांडीवर. आधी थोडं, मग खूप. मला वाटलं, भीतीने मला झाली."

ती हे कुजबुजत म्हणाली आणि टॉवेल तोंडावर घेतला. चौदा वर्षांची मुलगी. मी तिची पँट हातात घेतली. मुताचा वास नव्हता. शेवाळाचा होता.

बाहेर ताडमाड माझी वाट बघत उभी होती.

बोटीत टाचणीच्या समोर तीच बसते. बाकीच्या तिघींना पुढच्या मुलीची पाठ दिसते. कॉक्सचा चेहरा फक्त ताडमाडला दिसतो.

"मावशी, तिचं तोंड बंद होतं."

"स्पीकर बिघडला असेल," मी म्हटलं. काय वाटेल ते बोलत होते मी.

"स्पीकर माझ्या बाकाखाली आहे. आवाज तिथून नव्हता येत." तिने माझ्याकडे बघायचं टाळलं. "तिच्या मांडीवरून येत होता."

याला आता दोन महिने झाले.

ताईने घरातला काटा बदलला, डॉक्टर झाले, रक्त तपासलं. सगळं ठणठणीत. टाचणी धड जेवत नाही, तिच्या फ्रॉकच्या शिवणी मी दोनदा आत घेतल्या. काटा मात्र पंचेचाळीसवरून हलत नाही. ताई म्हणते, हाडं जड असतील.

शाळेत तिचा फोटो लावलाय. शिक्षक पाठ थोपटतात, लहान मुली तिच्यासारखं ओरडून दाखवतात. ती मान खाली घालून निघून जाते. लोकांना वाटतं, किती नम्र.

पदक तिने माझ्याकडे आणून दिलं. "हे माझं नाही," म्हणाली. "जिचं आहे तिला कसं द्यायचं, तेवढं सांग."

मी ते बटणांच्या डब्यात ठेवलंय. डबा आता उघडत नाही, बटणं नवीन आणते.

सराव चालू आहे. त्यांचीच बोट, दुरुस्त केलेली. पिशवी आता नसते. पहिल्या दिवशी टाचणीने ठरवून माइक लावला आणि जीव तोडून ओरडली. घसा सोलवटला.

बोटीत कुणालाच काही ऐकू गेलं नाही.

"बोल की गं," मुली म्हणायला लागल्या. माइक तपासला, वायर बदलली. मग ती दमून गप्प बसली...

आणि आवाज सुरू झाला.

तेव्हापासून असंच. तिने तोंड उघडलं की बोट मुकी. तिने ओठ मिटले की बोट पळते. ताडमाडने जागा बदलून मागितली. तिच्या जागी बसवलेली मुलगी हल्ली डोळे मिटून वल्ही मारते. मॅडमना वाटतं, एकाग्रता आहे.

उद्या सकाळी राज्याची निवड.

आज संध्याकाळी टाचणी संघाचा नवा पोशाख कमरेत तंग करून घ्यायला माझ्याकडे आली. मी टाचण्या लावत होते, ती आरशाकडे पाठ करून उभी होती. आरशात बघत नाही ती हल्ली.

"नको जाऊस उद्या," मी म्हटलं. "आजारी आहे सांग. मी ताईशी बोलते."

"आणि त्या चौघी?"

मी नेहमीसारखं चेष्टेवारी न्यायला गेले. "बरं मग, गप्प बसायचं तर काम आहे. तेवढं तुला जमेलच."

ती हसली नाही. मग म्हणाली...

"मावशी, उद्या ती बोललीच नाही तर?"

ती भीत होती. पण आवाज येईल म्हणून नाही. तो आला नाही तर सगळ्यांसमोर उघडं पडेल की आपल्यात काहीच नाही, याला भीत होती. मी जवळ घ्यायला गेले तर तिने अंग चोरलं. "नको, मावशी. गार लागेल तुला."

ती आत्ताच घरी गेली. मी पोशाख इस्त्री करून ठेवलाय.

दोन महिने रोज मनात म्हणत आलेय की जे काय आहे ते माझ्या पोरीला सोडून जाऊ दे. आज इस्त्री करताना माझ्या लक्षात आलं, मी वेगळंच काहीतरी पुटपुटतेय.

उद्याच्या दिवस ये, बाई. उद्या तिची लाज राख.

हे मी कुणाला म्हणाले, मला माहीत नाही. सकाळी काठावर जायचं आहे आणि तिथे बसून मी पुन्हा तेच म्हणणार आहे.