सुभेदारला कोण हाक मारतं?

ओमती बाजारातल्या औषधाच्या दुकानातून विनताबाईंनी लहान मुलांच्या डायपरचं मोठं पाकीट घेतलं, तेव्हा काउंटरवरच्या माणसाने हसून विचारलं, "पोता हुआ है क्या, दीदी?"

"नहीं. कुत्ता बूढ़ा हुआ है," असं म्हणून विनताबाई रिक्षात जाऊन बसल्या.

डायपरला मागे कात्रीने भोक पाडलं की शेपूट बरोबर बाहेर येते. त्यांचा हात आता त्यात बसला होता. शाळेच्या सायकल स्टँडमागे सापडलेलं ते मिशाळ पिल्लू पंधरा वर्षांचं झालं होतं. मिशांमुळेच त्याचं नाव सुभेदार पडलं. विनताबाईंनी लग्न केलं नव्हतं. चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्यावर घरात बोलायला तोच होता. आता त्याचे दोन्ही कान गेले होते, डोळ्यांवर निळसर साय आली होती, मागचे पाय लुळे पडले होते. जुन्या सुती साडीची झोळी पोटाखालून घालून त्या त्याला अंगणात फिरवत. दर चार तासांनी त्याची कूस बदलत, दुधीची मऊ खिचडी हाताने भरवत.

नागपूरहून बहिणीचे फोन येत. "सोडून दे न आता त्याला. काहून जीव मारून राहिली?"

जनावरांचा डॉक्टर अपूर्व त्यांचाच विद्यार्थी. सुभेदारला सुई देऊन सोडवावं का, हे त्यांनी त्याला विचारलं होतं. त्याने नीट तपासून सांगितलं, "मॅडम, दुखणं काही नाही. नुसतं वय झालंय."

"मग तो राहील," विनताबाई म्हणाल्या. तो विषय तिथेच संपला.

मदन महालच्या टेकडीखाली त्यांचं घर अगदी शेवटचं होतं. मागचं फाटक उघडलं की खडकच सुरू होत. हत्तीएवढे, काळपट, एकमेकांच्या अंगावर रेलून बसलेले.

पौषातल्या एका संध्याकाळी त्या देवापाशी दिवा लावत होत्या. मागे काहीतरी घासत गेल्यासारखा आवाज झाला. वळून पाहतात तर सुभेदारने कान टवकारलेले. दोन वर्षांत त्या कानांची पाती हलली नव्हती. पुढच्या पायांनी अंग ओढत तो मागच्या दाराकडे निघाला होता. दारापाशी पोचून त्याने फटीला नाक लावलं आणि बारीक आवाजात कुंईकुंई केलं. त्याला उचलताना दाराच्या फटीतून विनताबाईंना वास आला. वर्षानुवर्षं झाकून ठेवलेल्या विहिरीचा असतो तसा, गार आणि कुबट.

"म्हाताऱ्या कुत्र्यांना संध्याकाळी असं होतं," अपूर्वने फोनवर सांगितलं. "दिवेलागणीला अस्वस्थ होतात. भास होतात."

पण रोज त्याच वेळेला तेच होऊ लागलं. आठवडाभराने कपडे वाळत घालताना शेजारची हर्षा भिंतीवरून म्हणाली, "काकू, गळा एकदम ठीक झाला वाटते तुमचा!"

"माझा गळा?"

"काल संध्याकाळी सुभेदारला हाक मारून राहिल्या होत्या न मागच्या बाजूला? इतका खणखणीत आवाज... मी आईला म्हटलं पण, काकू जशा वर्गात बोलायच्या, अगदी तशाच."

विनताबाईंच्या हातातला ओला टॉवेल तसाच राहिला. तीन वर्षांपूर्वी थायरॉइडचं ऑपरेशन झालं तेव्हापासून त्यांचा आवाज घोगरा, फाटका झाला होता. आणि बहिऱ्या सुभेदारला त्यांनी कितीतरी दिवसांत हाक मारलीच नव्हती. त्याला हाताने थोपटत, बस.

त्या संध्याकाळी दार लावून, सुभेदारला मांडीवर घेऊन त्या स्वयंपाकघरात बसल्या. बाहेर टिटवी ओरडायची थांबली. मग तो वास आला. आणि मग खडकांच्या बाजूने, अगदी स्पष्ट...

"सुभेदाऽर... चल, बाळा... चल..."

त्यांचाच आवाज. ऑपरेशनच्या आधीचा. 'बाळा' म्हणण्याआधी त्या श्वास घेत, तो श्वाससुद्धा तसाच. सुभेदारची शेपूट त्यांच्या मांडीवर आपटू लागली. तो त्या आवाजाला ओळखत होता, आणि ज्या मांडीवर पडला होता तिच्याकडे पाहतही नव्हता. विनताबाईंना भीती वाटलीच. पण भीतीच्या आधी आला तो संताप.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फाटकाला कुलूप घातलं. तिसऱ्या दिवशी चहाचं भांडं उतरवून वळतात तो अंथरूण रिकामं. मागचं दार सताड उघडं होतं. फाटकाचं कुलूप कडीला बंदच लोंबत होतं, आणि फाटक मात्र उघडं!

त्या अनवाणी धावल्या. उजेड अजून पुरता गेला नव्हता. पहिल्या दोन खडकांच्या मधल्या बोळात सुभेदार उभा होता. चारी पायांवर उभा. पाच महिने लुळे असलेले पाय ताठ होते, थरथरत होते, आणि तो एकेक पाऊल त्या अंधारात टाकत होता.

"बाळा... चल..."

विनताबाईंनी झेप घेतली, त्याच्या पोटाला दोन्ही हातांनी विळखा घातला आणि तिथेच दगडावर बसकण मारली. तो ओढला जात होता. त्यांना कुणी दिसत नव्हतं, पण ओढ हाताला जाणवत होती.

"कोण आहे?" फाटक्या आवाजात त्या ओरडल्या. "समोर या!"

 मग आवाज आला तो अगदी कानाशी. गार.

"विनू... थकली नाहीस का गं तू?"

विनू त्यांना फक्त आईवडील म्हणत, आणि ते केव्हाच गेले होते.  मिठी मात्र सुटली नाही.

"थकले," त्या म्हणाल्या. "मग? पाठ गेली, गुडघे गेले, दोन वर्षांत सलग झोप नाही. पुढे बोल!"

त्यांनी विळखा आणखी आवळला.

"तो जाणार, मला माहीत आहे. पण त्याच्या वेळेला जाईल. माझ्या मांडीवरून जाईल. चोरून नेऊ देणार नाही मी, माझ्या आवाजात तर नाहीच. तो आवाज माझा आहे. त्या आवाजात मी याला वाढवलंय!"

हातातली ओढ एकदम सुटली. सुभेदार त्यांच्या अंगावर कोसळला, पाय पुन्हा चिंध्यांसारखे. त्याला छातीशी धरून, एकदाही मागे न पाहता त्या घरी आल्या.

त्यानंतर रोज दिवेलागणीला त्या मागचं दार मुद्दाम उघडं टाकत आणि उंबऱ्यात बसत. मांडीवर सुभेदार, नजर खडकांवर. कधी वास यायचा. आवाज आला नाही. असे तीन महिने गेले.

चैत्रात एका सकाळी, अकराच्या सुमाराला, अर्धी वाटी दहीभात खाऊन सुभेदारने त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं. अंगणात लख्ख ऊन होतं. त्याचा श्वास लांबत गेला. विनताबाईंनी वाकून आपल्या घोगऱ्या आवाजात हाक मारली, "सुभेदार..." त्याचा डावा कान हलला. फक्त एकदा. मग तो गेला, त्याच्या वेळेला.

अंगणातल्या पेरूखाली खड्डा खणायला अपूर्व आला. पाय घासू नयेत म्हणून सुभेदारला लोकरीचे मोजे घातलेले होते. ते काढताना तो थबकला.

"मॅडम... नखं कधी कापली?"

"नाही कापली. काल रात्री मोजे बदलले तेव्हा चांगली वाढलेली होती. आज कापणार होते."

चारी पंजांची नखं मुळापर्यंत झिजली होती, रात्रभर दगडांवरून चालल्यासारखी. तळव्यांच्या भेगांत काळपट चुरा भरला होता. मोजे मात्र स्वच्छ होते, आणि कुठेही फाटलेले नव्हते.

विनताबाईंनी ते पंजे धुतले, पुसले, आणि त्याला स्वतःच्या हातांनी खड्ड्यात ठेवलं.

अपूर्व गेल्यावर त्या आंघोळीला बसल्या. पायांवर पहिला तांब्या ओतला. पांढऱ्या फरशीवरून पाणी मोरीकडे निघालं, काळपट होऊन. त्यांनी पाय उचलून तळवा पाहिला. टाचेपासून बोटांपर्यंत कातडी सोलवटलेली होती, आणि भेगाभेगांत खडकाचा बारीक चुरा बसला होता. काल रात्री, दोन वर्षांत पहिल्यांदाच, त्यांना सलग झोप लागली होती.