तेलाचा थेंब

"स्लाइड बाहेरून आणलीय. तिला परीक्षेला बसू द्यायचं नाही," विभागप्रमुख मृत्युंजय सर म्हणाले आणि त्यांनी चहात बिस्किट बुडवलं.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलला साऱ्या वर्गाने एकाच बाटलीतल्या थुंकीच्या स्लाइड्स रंगवल्या होत्या. नमुना नेहमीसारखा निगेटिव्ह. सगळ्यांनी लिहिलं, 'क्षयाचे जंतू नाहीत.' माढ्याच्या सृष्टीने तेवढं लिहिलं, 'आहेत.' आता तिचं वर्ष बुडणार होतं.

चौकशी डॉ. चंद्रिकांकडे आली. त्या कंत्राटी होत्या. नकोशी कामं त्यांच्याकडेच यायची.

"स्लाइड कुणी रंगवली?"

"मीच, मॅडम."

"जंतू कुठून आले?"

"बाटलीतनं."

"मग बाकीच्यांना कसे दिसले नाहीत?"

"ते त्यांना विचारा की! मला दिसलं ते लिहिलं. चुकलं का?"

चंद्रिकांनी मडिवाळप्पाला हाक मारली. कुंभारीहून येणारा हा अटेंडंट. नमुनेही तोच आणायचा, चहाही तोच.

"बाटली कुठून आणलीस?"

"वॉर्डातनं की."

"छातीचा वॉर्ड तर रंगकामासाठी दिवाळीपासून बंद आहे."

"व्हय. त्या रंगाच्या वासानंच खोकला लागलाय बगा," म्हणत तो खोकत सटकला.

चंद्रिकांनी ट्रे ओढला. सृष्टीची स्लाइड तेलकट होती. बाकीच्या कोरड्या ठणठणीत. त्यांनी एका कोरड्या स्लाइडवर तेलाचा थेंब सोडला आणि भिंगाला डोळा लावला. मग दुसरीवर. तिसरी बघून त्या स्टुलावर बसल्या.

"सर, स्लाइड कुणीच बदलली नाही," केबिनमध्ये त्या म्हणाल्या. "मोठ्या भिंगाला तेलाचा थेंब लागतो, नाहीतर जंतू दिसत नाहीत. तेल फक्त सृष्टीच्या स्लाइडवर आहे. बाकीच्यांनी रंगवलं, पण बघितलंच नाही. नमुना निगेटिव्ह असतो हे पाठ असल्यावर बघायचं कशाला? मी तेल टाकून बघितलं. निळ्यावर लाल काड्या, क्षयाचेच जंतू. सगळ्या स्लाइड्समध्ये."

"म्हणजे अख्खा वर्ग खोटा?"

"आणि न बघता वह्यांवर सह्या ठोकणारे आपण दोघं."

सरांनी कप खाली ठेवला. "पण थुंकी कुणाची?"

"ज्याला बंद वॉर्डातून बाटली मिळाली, त्याची."

दारात मडिवाळप्पा दुसरा चहा घेऊन उभा होता.

"माजीच हाय, सर. नमुना न्हाय म्हनून पोरांचं प्रॅक्टिकल बुडाय नगं. आपली निगेटिव्हच की!" त्याने खांद्यावरच्या फडक्यात खोकला दाबला. "पोरीचं वरीस वाचलं न्हवं?"

"वाचलं," चंद्रिका म्हणाल्या.

"मग झालं तर!" तो मनापासून हसला.

बिस्किट कधीच चहात विरघळलं होतं. सरांनी कप दूर सारला आणि चंद्रिकांकडे बघितलं.

नकोशी कामं त्यांच्याकडेच यायची.