तुमचं ठेवू की नवं घेऊ?

दादाच्या खोलीत शिरलं की आधी इस्त्रीचा वास यायचा. खाली रस्त्याला लागून कपडे धुऊन देणाऱ्याचं दुकान होतं आणि त्याची वाफ दिवसभर खिडकीच्या फटीतून वर चढायची. दादा म्हणायचा, "माझे सदरे चुरगळलेले असतील, पण फुप्फुसं कडक इस्त्रीची आहेत." दादा गेला, हा विनोद करणारं कुणी उरलं नाही. वाफ मात्र येतच राहिली.

त्या दिवशी धाकटा अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला. एका विमा कंपनीत तो संगणक सांभाळायचा. केस पिकले, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, तरी घरात तो धाकटाच राहिला होता. आणि आता तर त्याला धाकटा म्हणायला थोरलाही उरला नव्हता.

वहिनीने दार उघडलं. "आलात भावोजी? मला वाटलं, आजही तुमची ती मीटिंग आडवी येते."

"साहेबांना सांगितलं, वहिनीने बोलावलंय. ते म्हणाले, घरच्या साहेबांपुढे आमचं काय चालणार!"

वहिनी हसली, पण हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. ती तडक खोलीकडे वळली.

काम साधं होतं. लेक दूर, समुद्रापलीकडे. तिला मुलगी झाली होती आणि डॉक्टरांनी वहिनीला एवढ्या लांबच्या प्रवासाला साफ नकार दिला होता. लेकीशी समोरासमोर बोलायचं ते दादाच्या संगणकावरून, आणि तिथला बोलण्याचा प्रोग्राम नेमका याच महिन्यात रुसला. यंत्राच्या मूळ प्रणालीची जुनी आवृत्ती त्याला चालणार नाही म्हणे. लेकीने पाठवलेला नवा फोन खोक्यातून बाहेरही निघाला नव्हता.

"त्या काचेच्या तुकड्यात मला नाक दिसलं तर डोळे दिसत नाहीत," वहिनी म्हणाली. "आणि नातीचं तोंड पहिल्यांदा बघायचं ते ह्यांच्याच यंत्रावर. तेवढा हट्ट करू द्या मला."

धाकट्याने दादाच्या खुर्चीकडे पाहिलं. वेताची बैठक मधोमध खचलेली होती. तो कडेलाच टेकला.

दादा जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासायचा. काना, मात्रा, वेलांटी हेच त्याचं जग. निवृत्तीनंतर तो लिनक्स या फुकट मिळणाऱ्या संगणक-प्रणालीचं मराठी करणाऱ्या हौशी मंडळींत सामील झाला आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्याशी भांडला. 'कृपया प्रतीक्षा करा' या वाक्यावरून. "असं कोण बोलतं?" तो विचारायचा. "चाळीस वर्षांच्या संसारात मी तुझ्या वहिनीला एकदा तरी प्रतीक्षा करायला लावली का? लावली असेल, पण या शब्दांत नाही." मंडळींनी गोड भाषेत त्याची वाक्यं परत पाठवली. मग दादाने आपल्या सगळ्या वाक्यांचं एक पॅकेज बांधलं आणि फक्त आपल्या यंत्रावर बसवलं. तेव्हापासून ते यंत्र 'जरा दम धरा' म्हणायचं, काम संपलं की 'झालं बरं का' म्हणायचं, आणि काही पुसायला गेलं तर विचारायचं, 'नक्की ना? मग नंतर मला बोलायचं नाही.'

असं बोलणारं यंत्र दुसरीकडे कुठे नव्हतं. वहिनीचा नेम होता. सकाळी तोंड धुतलं की चहाच्याही आधी मऊ फडक्याने कळफलक पुसायचा आणि बटण दाबायचं. पडद्यावर उमटायचं, 'आलात? बसा.' वहिनी बसायची. काही काम नसलं तरी थोडा वेळ बसायची. त्या घरात तिच्याशी बोलणारं तेवढंच होतं.

"भावोजी, एकच सांगते," ती आता म्हणाली. "हे जे बोलतंय ना, ते जायला नको."

"नाही जाणार." दवाखान्याच्या व्हरांड्यात नातेवाइकांना सांगतात तितक्या सहज धाकटा बोलून गेला.

"चकती आणलीत का ती, नव्या आवृत्तीची, आत घालायची?"

"चकती कशाला? तो खण कधीचा अडकलाय, उघडतही नाही. आणि दादाची पद्धत ठाऊक आहे ना, राहत्या घरात राहूनच घर बदलायचं."

ही पद्धत दादानेच त्याला शिकवली होती. यंत्र आपलं सामान कुठून आणतं, ते ठिकाण एका जागी लिहिलेलं असतं. तिथलं जुन्या आवृत्तीचं नाव खोडायचं, पुढच्या आवृत्तीचं लिहायचं. बदल एका शब्दाचा. मग इंटरनेटच्या तारेवरून हवं ते सगळं यंत्र आपणच मागवतं, जुनं काढतं, नवं बसवतं आणि हे चालू असताना आपण शेजारी बसून शेंडा ना बुडखा अशा गप्पा मारू शकतो. मात्र उडी मारता येत नाही. आवृत्तीमागून आवृत्ती, जिन्यासारखं चढत जावं लागतं. दादा गेल्यापासून यंत्राच्या आतल्या सामानाला कुणी हात लावला नव्हता. तेव्हा दादाला न दिसलेली सगळी वर्षं आता एकेक करून चढायची होती.

पहिली पायरी सरळ गेली. 'जरा दम धरा, सामान बरंच आहे.' मग नेहमीचा प्रश्न आला: 'ही फाइल तुम्ही हाताने बदललेली दिसते. तुमचं ठेवू की नवं घेऊ?' धाकट्याने 'ठेव' असं उत्तर दिलं. यंत्र बंद होऊन पुन्हा चालू झालं. 'आलात? बसा.' वहिनी निर्धास्त होऊन चहा टाकायला गेली.

दुसऱ्या पायरीवर एक नवं साधन आलं. डिस्क धड आहे की नाही ते तपासणारं. दादाच्या वेळी ते जन्मालाही आलं नव्हतं, त्यामुळे त्याचे निरोप इंग्रजीत येणार हे उघड होतं. पडद्यावर उमटलं:

'डिस्कची तब्येत बघतोय. म्हातारी झालीय, पण ओढून नेईल.'

धाकट्याचा हात तसाच राहिला. त्याने दादाच्या पॅकेजमध्ये हे वाक्य शोधलं. नव्हतं. नव्या साधनात शोधलं. तिथे मराठीचं एक अक्षर नव्हतं.

"काय झालं?" वहिनी कप घेऊन दारात उभी होती.

"काही नाही. दादाने पुढचंही बरंच करून ठेवलेलं दिसतंय."

कुणाला तरी दादाने वाक्यं पाठवली असतील, कुणाला तरी ती आवडली असतील, ती कुठून तरी आत आली असतील. कचेरीत लोकांना तो रोज अशी उत्तरं द्यायचा आणि लोकांचं समाधान व्हायचं. त्याने चहा घेतला. खाली दुकानदाराने फळ्या लावून दुकान बंद केलं. आता वाफ येणार नव्हती, तरी इस्त्रीचा वास कमी होत नव्हता.

तिसऱ्या पायरीवर पडद्यावर आलं, 'दम धर.'

आधी वाटलं, काना गळला. पण मुद्रितं तपासणाऱ्याच्या घरात काना गळत नाही. यंत्र कुणालाही अहो-जाहोच करतं. दादाही त्याबाबतीत काटेकोर होता. बायको वाचेल, पाहुणे वाचतील, यंत्राने मान राखला पाहिजे, म्हणायचा. अरे-तुरे तो घरात एकालाच करायचा.

धाकट्याने वहिनीकडे पाहिलं. ती चष्मा पुसत होती. तिने वाचलं की नाही, कळलं नाही. त्यानेही विचारलं नाही.

शेवटच्या पायरीवर यंत्र अडलं. बोलण्याचा नवा प्रोग्राम ज्या जागी आपले शब्द ठेवू पाहत होता, नेमक्या त्याच जागी दादाचं पॅकेज बसलेलं होतं. दोन्ही राहणार नव्हती. धाकट्याने दादाचं पॅकेज बाजूला सरकवून पाहिलं, त्याला दुसरं नाव देऊन पाहिलं, नव्या प्रोग्रामला चकवून पाहिलं. यंत्र दर वेळी त्याच वळणावर परत आणत होतं.

"मला समजेल असं सांगा," वहिनी म्हणाली.

त्याने सांगितलं.

"म्हणजे ती दिसायची असेल, तर हे गप्प होणार."

"एक दिवस द्या. मी वाट काढतो. आजच्या आज काही..."

"तिकडे सकाळ झाली असेल. ती बाळाला घेऊन बसली असेल."

पडद्यावर प्रश्न उभा होता. 'तुमचं ठेवू की नवं घेऊ?'

धाकट्याने 'ठेव' दिलं.

खालची ओळ बराच वेळ रिकामी राहिली. मग अक्षरं उमटली.

'नवं घे.'

यंत्र असं उत्तर देत नाही. त्याने पुन्हा 'ठेव' दिलं. घाईत कळ दोनदा दाबली गेली.

'नवं घे रे. हट्ट नको.'

धाकट्याने हात कळफलकावरून उचलून मांडीवर ठेवले.

वहिनी वाकली. चष्मा वर सरकवून तिने ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. ती रडली नाही. आतल्या खोलीतून कुणी काही सांगावं आणि चुलीपाशी बसल्या बसल्या होकार द्यावा, तसं ती म्हणाली, "बरं."

आणि तिनेच कळ दाबली.

पॅकेज निघालं. दादाची वाक्यं ज्या फाइलींत होती, त्यांची नावं एकाखाली एक सरकत वर गेली. मग यंत्र बंद व्हायला लागलं. बंद होताना दादाने त्याच्या तोंडी एकच शब्द दिला होता, घरातून निघताना आपण सगळेच म्हणतो तो. 'येतो.'

या वेळी पडद्यावर आलं, 'जातो.'

"असं म्हणू नये," वहिनी हळूच म्हणाली. उंबऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला म्हणावं तसं. "येतो म्हणावं."

पडदा काळा झाला.

नेहमीपेक्षा जास्त वेळ काळा राहिला. त्यात दोघांचे चेहरे दिसत होते, आणि मागचा दिवा.

मग उजेड आला. 'स्वागत आहे. कृपया प्रतीक्षा करा.'

वहिनीने ते मोठ्याने वाचलं, परक्या घराच्या दारावरची पाटी वाचावी तसं.

आत जाण्याच्या पानावर तिचं नाव होतं. त्याखाली आणखी एक नाव होतं, लहानसं.

"हे कोण?"

"असेल नव्या आवृत्तीचं काही. प्रोग्राम आपापली खाती उघडतात." माणसाच्या नावाचा एकही प्रोग्राम त्याला आठवत नव्हता.

संगणकावरून लावलेला फोन पहिल्याच घंटेला लागला. लेक विस्कटलेल्या केसांनी पडदाभर दिसली. "आई! अगं, किती स्पष्ट दिसतेस! काका, जिंकलात!" आणि तिने कुशीतलं गाठोडं वर धरलं.

वहिनीचा हात आपोआप काचेवर गेला. तिने बाळाच्या नाकावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "नाक ह्यांचं घेतलंय."

"मुलीच्या जातीला बाबांचं नाक? वाट लागली!" लेक हसली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. "ते असते तर शुद्धलेखन तपासलं असतं हिचं."

"नाव ठरवलंत का?"

"आत्ता उठल्या उठल्या ठरलं. सासूबाईंनाही सांगितलेलं नाही हं, तू पहिली." आणि बाळाच्या कानाशी वाकून तिने नाव सांगितलं. आत जाण्याच्या पानावरचं, तेच लहानसं.

वहिनीने धाकट्याकडे पाहिलं नाही. "छान आहे," ती म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा होता. "कुठून सुचलं गं?"

"सुचलं असं नाही. नुसतं तोंडात आलं."

माय-लेकी बोलत राहिल्या. बाळाने जांभई दिली. धाकट्याने पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी उघडली आणि कचेरीत रोज विचारतो तेच यंत्राला विचारलं: आत्ता आत कोण कोण आहे.

दोन ओळी आल्या. एक वहिनीची, ती आत्ता आत शिरली त्या वेळेची. दुसरी त्या लहानशा नावाची. ती आधी आत आली होती. ती वेळ धाकट्याने पुन्हा पुन्हा ताडून पाहिली. 'जातो' नंतरची, आणि 'स्वागत आहे'च्या आधीची.

तेव्हा यंत्र बंद होतं.