न्यायला कुणी आलं का?

संक्रांत होऊन गेली होती. सकाळची कामं उरकून मंजुषा भावाला आणायला निघाली, तेव्हा तिच्या आईनं, जानकीबाईनं, पिशवीत तिळाचे लाडू टाकले. "वाटंत दे त्याला. भुकेला आसल," एवढंच म्हणाली आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत उमापूरच्या स्टँडवर उभी राहिली.

आदिनाथ मंजुषाचा धाकटा भाऊ. बीडला आयटीआय करायला म्हणून गेला आणि गोळ्यांना लागला. पोरं त्यांना 'बटन' म्हणायची. आधी नुसत्या झोपेच्या गोळ्या, मग त्यावर खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, आणि पुढं नशा भागेना म्हणून माल पोचवायचं काम. भाजीच्या टेम्पोत कोबीखाली गांजाची पुडकी यायची, ती या फाट्यावरून त्या फाट्यावर न्यायची. दिवाळीत त्यानं आईवर हात उगारला. जानकीबाई रडली नाही. म्हणाली, "हे माझं लेकरू न्हाई. माझं लेकरू कुठं हाय ते हुडकून आण." मग मंजुषानंच त्याला लिंबागणेशच्या पुढं, डोंगराच्या कुशीतल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन ठेवलं होतं. आज तो सुटणार होता.

ते केंद्र म्हणजे पूर्वीचं मंगल कार्यालय. लग्नं बंद पडली, मालकानं जेवणावळीच्या हॉलमध्ये खाटा टाकल्या आणि खिडक्यांना गज बसवले. भिंतीवरचा 'शुभविवाह' मात्र कुणी पुसला नव्हता. मंजुषा पोचली तेव्हा ऐन दुपार होती. फाटक उघडं. माणूस कुठं दिसेना. वारा सुटला होता आणि मांडवाचा एक सुटा पत्रा सारखा वाजत होता. थांबायचा, आता थांबला असं वाटायचं, की पुन्हा वाजायचा.

पायरीवर आदिनाथ बसला होता. डोकं भादरलेलं, अंगात त्याचाच चौकटीचा शर्ट, मांडीवर त्याचीच पिशवी. मान खाली. उजवा पाय एकसारखा हलत होता.

"आदू!"

त्यानं मान वर केली. लई वेळ बघत राहिला तिच्याकडं, जणू ती कुणाची कोण हे आठवत असावा. मग हळूच म्हणाला, "मला न्यायला आलीस?"

मंजुषाच्या डोळ्यांत पाणीच आलं. "मग काय तर! चल, भगवानरावांना सांगून येऊ." भगवानराव केंद्राचे व्यवस्थापक.

"सांगितलंय मी. चल ना... गाडी जाईल."

खरंच रस्त्यावरून एसटीचा आवाज येत होता. दोघं पळत सुटली. फाटकाबाहेर पडताना मंजुषाला वाटलं, मागून कुणीतरी हाक मारली. पण पत्रा वाजत होता, आणि गाडी उभी होती.

गाडीत तो खिडकीला बसला. मंजुषानं लाडू दिले, ते त्यानं न चावता गिळल्यासारखे खाल्ले. "आणिक हाय का?" म्हणाला. त्याच्या अंगाला एक गोडसर, चिकट वास येत होता. खोकल्याच्या औषधाचा. पुन्हा घेतलं की काय यानं? पण डोळे तर तसे नव्हते. डोळे अगदी निवांत होते, पाणी न हललेल्या आडासारखे. हलत होता तो फक्त पाय. बीड गेलं, गेवराई गेली, बाहेर कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाटीची रानं मागं पळत होती आणि तो पाय काही थांबेना. तिनं गुडघ्यावर हात ठेवून पाहिला. हाताखाली तो तसाच हलत राहिला.

"आदू, बरं वाटतंय ना?"

"न्यायला कुणी आलं की लई बरं वाटतं," तो म्हणाला. "तिथं कुणाकुणाला कुणीच येत न्हाई."

उमापूरच्या अलीकडं एक फाटा लागतो. तिथं गाडी थांबली तसा तो ताडकन उठला, दारापर्यंत गेला, बाहेर वाकून पाहिलं आणि परत येऊन बसला.

"काय रे?"

"कुलूप आसल," तो पुटपुटला.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण होत आली होती. जानकीबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभीच होती. तिनं तुकडा त्याच्यावरून ओवाळायला घेतला. एकदा फिरवला, दुसऱ्यांदा फिरवताना तिचा हात हवेत थांबला. ती त्याच्या तोंडाकडं बघत होती. तो उंबऱ्याबाहेर उभा होता आणि आत पाऊल टाकत नव्हता.

"माय, येऊ का?" त्यानं विचारलं.

आदिनाथ आईला 'आये' म्हणायचा. जन्मात कधी 'माय' म्हणाला नव्हता. जानकीबाईनं तुकडा दूर टाकला, पाणी टाकलं. मग ती म्हणाली, "ये."

तो आत आला, चुलीपुढं बसला. जानकीबाईनं ताट वाढलं. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी. तो खाऊ लागला आणि खातच राहिला. घरात दुसरा आवाज नव्हता.

तेवढ्यात मंजुषाचा फोन वाजला. ती ओसरीत आली.

"ताई, भगवानराव बोलतोय." आवाज घाईचा होता. "दुपारपासून लावतोय, फोन लागंना तुमचा. फाटकापर्यंत आल्या आन् तशाच माघारी गेल्या कावून? मी हाका मारल्या की."

"म्हणजे? आदूला घेऊन आले ना मी."

पलीकडं काही वेळ नुसता वारा ऐकू आला. आणि त्या वाऱ्यात पत्र्याचा आवाज.

"ताई... आदिनाथ हितं हाय. माझ्यापुढं बसलाय."

मंजुषानं वळून दारातून पाहिलं. आत चुलीच्या उजेडात ते भादरलेलं डोकं खाली वाकलं होतं. आई भाकरी मोडून ताटात टाकत होती.

"त्याला... त्याला द्या फोन."

"ताई," पलीकडून आदिनाथ बोलला. आदिनाथच. तोच आवाज, शब्दाच्या शेवटी जरा चिरकणारा. "ताई, माझी पिशवी आन् शर्ट त्यानं नेला."

"कुणी?"

"रामहरीनं."

"कोण रामहरी?"

"माझ्या शेजारच्या खाटंवर व्हता. आमी संगंच माल न्यायचो. त्याचे मायबाप ऊसतोडीला गेलेत कर्नाटकात... त्यानं केंद्रातबी कुठूनतरी बाटल्या मिळवल्या, ताई. एका सकाळी उठलाच न्हाई. मायबापाचा फोन लागला न्हाई. कुणीच आलं न्हाई. भगवानकाकांनी आन् पोलिसांनीच अग्नी दिला..." त्याचे दात वाजू लागले. "ताई, लई गार वाजतंय. अंगातलं कायतरी निघून चाललंय बघ..."

मग पुन्हा भगवानराव. "ताई, तुमी या लवकर. चांगला व्हता दुपारपर्यंत. आता व्होट निळे पडायलेत. डाक्टरला बोलावलंय."

मंजुषा बघत होती. आतल्यानं घास उचलला, तोंडात घातला. फोनमध्ये आदिनाथ कण्हला. त्यानं दुसरा घास उचलला. फोनमध्ये आदिनाथ पुन्हा कण्हला, पहिल्यापेक्षा बारीक आवाजात. आणि चुलीपुढच्या त्या गालांवर आता लाली चढत होती.

ती कशीबशी आत गेली. आईच्या कानाशी वाकली. "आई... हा आपला आदू..."

"न्हाई," जानकीबाई त्याच्याकडंच बघत हळू म्हणाली. "उंबऱ्यातच कळलं मला."

"मग आत कशाला घेतलंस?"

"कुणाचं तरी लेकरू हाय ना, बाय. दारात उभं व्हतं."

"आई, तो इकडं खातोय आणि तिकडं आदू चाललाय!"

जानकीबाईच्या हातातली भाकरी तशीच राहिली. मग तिनं हात पुढं करून ताटावर पालथा धरला. "नाव काय ह्याचं?" तिनं विचारलं, आणि मंजुषानं सांगितलं.

"रामहरी," जानकीबाई म्हणाली.

त्याचा पाय थांबला. दुपारपासून पहिल्यांदा थांबला. त्यानं मान वर केली आणि मंजुषानं पाहिलं, तो आदिनाथसारखा मुळीच नव्हता. डाव्या भुवईवर जुनी खोक, ओठावर कोवळी मिसरूड. इतका वेळ आपल्याला हे दिसलं कसं नाही?

"माय, आजून भूक हाय," तो म्हणाला.

"व्हय बाळा. पर ही भाकरी दुसऱ्याची हाय. तुझी भाकरी तुझी माय थापल." जानकीबाईचा आवाज फुटत होता, पण हात हलला नाही. "तुझं घर कुठं?"

"फाट्यापाशी, तोडीवाल्यांच्या वस्तीत. कुलूप हाय."

"आसू दे. आमी येतो सोडायला. तुझी माय शिमग्यापातूर येती. ती आली की ही माझी लेक जाऊन सांगल तिला, तुमचा रामहरी घरी आलाय म्हणून. मी शब्द देते."

तो कितीतरी वेळ तिच्या हाताकडं बघत राहिला. मंजुषाचा जीव त्या हातात अडकला होता. मग तो उठला.

तिघं वाटेला लागली. जानकीबाई पुढं, मध्ये तो, मागं मंजुषा बॅटरी घेऊन. दोन्हीकडं ज्वारी वाऱ्यानं सळसळत होती. बॅटरीच्या उजेडात आईची पावलं धुळीत उठत होती. त्याच्या पायांखालच्या धुळीत काहीच उठत नव्हतं. तो गोड वास मात्र सारखा येत होता.

फाट्यापाशी तोडणीवाल्यांची वस्ती. सगळी घरं बंद, दाराला कुलूप, अंगणात पाचोळा. एका दारापुढं तो थांबला आणि ओट्यावर बसला. पाय पुन्हा हलू लागला.

"येईल ना कुणी?" त्यानं विचारलं.

"येईल," जानकीबाई म्हणाली, आणि लेकीचा हात धरून वळली. मागं बघू दिलं नाही तिनं.

ज्वारीच्या बांधाशी आल्या तोच फोन आला. आदिनाथनं डोळे उघडले होते. चहा मागत होता.

दुसऱ्या दिवशी दोघी जाऊन त्याला घेऊन आल्या. जानकीबाईनं फाटकातच त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. तो "आये" म्हणाला तेव्हा ती मटकन खाली बसली आणि दिवाळीपासूनचं सगळं रडली. आदिनाथनं नंतर गोळी घेतली नाही. गेवराईत मोटारी दुरुस्त करायला जातो. कधीमधी काम करता करता दचकून थांबतो आणि आपला पाय हातानं दाबून धरतो, इतकंच.

शिमगा जवळ आला तशा तोडीच्या गाड्या परतू लागल्या. फाट्यावरच्या घरांतून धूर दिसायला लागला. मंजुषाचं पाऊल उचलत नव्हतं, पण आईनं शब्द दिला होता. एका सकाळी ती गेली.

रामहरीची आई सुंदरबाई अंगण झाडत होती. उन्हानं रापलेली, हातांवर उसाच्या पात्याचे चरे. मंजुषा अडखळत बोलू लागली, "मावशी, तुमचा रामहरी..."

"कळलं आमाला," सुंदरबाई म्हणाली. "तिकडं कारखान्यावरच कळलं. लई उशिरा. रडून झालं, बाय." तिनं झाडणी भिंतीला टेकवली. "आन् हितं येऊन कुलूप काढलं, तर हा आतच."

दार अर्धं लोटलेलं होतं. आत अंधार, आणि त्या अंधारातून तो गोड, चिकट वास येत होता. एकट्याचा आला नसता, एवढा दाट.

सुंदरबाई जवळ आली. आजूबाजूला बघितलं, आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"रामहरीला तर मी वळखलं. पर बाय... त्याच्यासंगं भिंतीला टेकून बसलेत, ती डोकं भादरलेली बाकीची लेकरं कुणाची?"