परतीचा डबा

लॉकडाउनमध्ये मोठ्या दुकानात बियाण्यांच्या रॅकला पिवळी टेप लावली होती. बिअर घ्या, टीव्ही घ्या. टोमॅटोचं बी मिळणार नाही. ते अत्यावश्यक नाही.

•

म्युनिकजवळच्या एका गावात बागेतल्या बाकावर बसलं तर पोलीस उठवत. चालायला परवानगी होती. बसायला नव्हती.

•

आमच्या क्रॅश-टेस्ट लॅबमध्ये चाचणीची गाडी भिंतीवर आदळते तेव्हा कॅमेरा सेकंदाला हजार चित्रं घेतो. तरीही दोन चित्रांच्या मधे काहीतरी घडतंच, आणि ते कुणालाही दिसत नाही.

•

शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही. चिमूटभर साखर टाक, पण टाक. असं माझी आई सांगायची. तिचा स्टीलचा डबा माझ्याकडे आहे, एकावर एक बसणाऱ्या तीन पुडांचा. झाकणावर कोरलंय: सौ. कुमुदिनी, नागपूर.

•

सहा फूट.

•

मिशिगनमधल्या नोव्हायचं आमचं टाउनहाउस आणि डावीकडचं, यांची भिंत एकच आहे. तिकडे सिद्धेश राहायचा, माझ्या नवऱ्याचा, राजेशचा, ऑफिसमधला मित्र. कोविडच्या त्या वर्षी मार्चच्या सुरुवातीला तो कामासाठी जर्मनीला, म्युनिकजवळ, गेला आणि तिथेच अडकला. युरोपातून येणाऱ्यांना बंदी. सिटिझन असाल तर या, ग्रीन कार्ड असेल तर या. सिद्धेश बारा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत होता. बारा वर्षं त्याचा टॅक्स चालला. विषाणूला म्हणे कार्ड वाचता येत होतं.

घरात त्याचे वडील एकटे होते. पुरुषोत्तम काका, साताऱ्याचे, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. लेकाकडे चार महिने राहायला म्हणून आले होते. त्यांच्या चपला भिंतीपलीकडे फरफटत चालायच्या, त्यावरून मला कळायचं की काका उठले, काका ओट्याशी गेले.

रोज संध्याकाळी मी डबा त्यांच्या पायरीवर ठेवायचे, बेल वाजवायचे आणि मेलबॉक्सपर्यंत मागे यायचे. मग दार उघडायचं.

"उल्का, तुझी आमटी फार पातळ बघ," काका तिथूनच ओरडायचे. "काल तळ दिसला. शाळेत असतो तर पोरांना तलाव म्हणून दाखवली असती."

"फुकटचं खाताय आणि वर नावं ठेवताय, काका!"

"फुकट कुठे? बडीशेप देतो की!"

खरंच द्यायचे. त्यांना मधुमेह होता, घरात साखरेचा कण नव्हता. म्हणून सकाळी आमच्या पायरीवर डबा परत यायचा तो घासून पुसून, वरच्या पुडात बडीशेप घालून. स्वतः भाजलेली, किंचित जास्तच.

एके सकाळी डबा आला नाही. भिंतीपलीकडे चपला वाजल्या नाहीत, नुसता खोकला होता. मी फोन केला, अॅम्ब्युलन्स बोलावली. प्लॅस्टिकच्या पोशाखातल्या दोघांनी काकांना बाहेर आणलं. त्यांनी मान वळवून मला शोधलं.

"डबा आत राहिला गं तुझा!"

मी एक पाऊल पुढे टाकलं. पोशाखातला हात वर झाला.

"मॅम. सिक्स फीट."

हॉस्पिटलमध्ये कुणाला सोडत नव्हते. मी गाडी घेऊन गेले, पार्किंगमध्ये बसून राहिले, फोनवर एकेका माणसाला समजावलं की त्यांना तुमचं इंग्रजी कळत नाही, निदान मराठीत दोन शब्द बोलू द्या. वी अंडरस्टँड, मॅम. सगळ्यांना सगळं समजत होतं. काका गेले तेव्हा सिद्धेशनं ते एका टॅबलेटवर पाहिलं, आणि तो टॅबलेट हातमोजा घातलेल्या कुणा अनोळखी नर्सनं धरला होता. अंत्यसंस्काराची आम्हाला लिंक आली. स्क्रीनवर काकांच्या जागी एक गोल फिरत राहिला.

त्याच आठवड्यात आमच्या वसाहतीच्या असोसिएशनच्या बाईंचा ईमेल आला: पायरीवर भांडी ठेवू नयेत, दिसायला वाईट दिसतं. त्याच संध्याकाळी त्या बाईंच्या लॉनवर आठ माणसं हातात लाल कप घेऊन हसत उभी होती. मी उत्तर लिहिलं. राजेशनं ते पाठवू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा आमच्या पायरीवर होता.

घासलेला. झाकणावर पाण्याचे थेंब. वरच्या पुडात पांढऱ्या कागदात गुंडाळलेल्या साखरेच्या दोन वड्या.

आमच्याकडे सिद्धेशच्या गॅरेजचा कोड होता. आम्ही आत गेलो. दारं आतून बंद, सिंक कोरडं. फ्रिजवर बडीशेपेची बरणी तशीच. डबा कुठेच नव्हता. कसा असेल?

"असोसिएशनवाल्यांनी उचलून ठेवला असेल," राजेश म्हणाला.

"कुलूपबंद घरातून? आणि घासून?"

एकदा झालं तर अपघात, पुन्हा झालं तर चाचणी. मी नोकरीत हेच करते. त्या संध्याकाळी डब्यात आमटीभात भरला, काकांच्या पायरीवर ठेवला आणि आमच्या बेलचा कॅमेरा तिकडे वळवला. थोड्या वेळानं भिंतीपलीकडे चपला वाजल्या. फरफटत, दारापर्यंत.

कॅमेऱ्यात कुणी नव्हतं. एका चित्रात डबा होता. पुढच्यात नव्हता.

सकाळी डबा परत. साखर.

"आई, धिस इज क्रीपी," आमची आन्या म्हणाली. "जस्ट स्टॉप फीडिंग इट."

मला भीती वाटली नाही, राग आला. माणूस जिवंत होता तोवर त्याच्याजवळ जाऊ दिलं नाहीत, आणि आता चेष्टा करता? मी तो डबा तसाच, रिकामा, त्या पायरीवर आपटून ठेवला.

तो परत आला. घासलेला. आत साखरेची एक वडी.

त्या दिवशी सिद्धेशचा व्हिडिओ कॉल आला. ओठ सुकलेले, डोळे लाल. त्यालाही कोविड झाला होता. दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही असा हुकूम होता, आणि त्या मजल्यावर तो एकटाच होता.

"हॉस्पिटलला कळवलंस?"

"श्वास लागला की या म्हणतात. तोवर घरी."

"खातोस काय?"

"ते बरं चाललंय, यार. इथला कुठला तरी मराठी ग्रुप असेल. दाराशी डबा ठेवून जातात. गरम आमटीभात." तो हसला, मग बराच वेळ खोकला. "आमटी इतकी पातळ की तुझीच आठवण येते. काल मात्र नुसता रिकामा डबा ठेवला. कोण करतं असं?"

"मग तू काय केलंस?"

"रिकामा कसा परत करणार? बाबांनी कान उपटला असता. कॅफेतल्या साखरेच्या वड्या होत्या खिशात, त्या टाकतो."

"कोण आणतं बघितलंस?"

"नाही गं. बेल वाजवतात आणि मागे होतात. जिन्यात चपला ऐकू येतात."

मी विचारलं, "डब्यावर नाव आहे?"

"आहे ना. सौ. कुमुदिनी, नागपूर. या बाई कोण, शोधायला हवं."

डबा माझ्यासमोर ओट्यावर होता.

त्याला मी काही सांगितलं नाही. त्या संध्याकाळी आमटी घट्ट केली. वर तूप घातलं. राजेशनं स्वतः लिंबाची फोड ठेवली.

सकाळी साखर आली. म्हणजे जेवला.

पुढच्या सकाळीही आली. मी त्या वड्या एका वाटीत साठवत होते. दिवसा जर्मनीतल्या इमर्जन्सीला फोन करायचे. तुम्ही कुठून बोलता? मिशिगनहून. तुम्ही नातेवाईक आहात का? नाही. मग माफ करा. कुणाचं कोण असलं की चालतं, ते तरी सांगा, असं मी ओरडले. फोन आधीच बंद झाला होता.

त्या संध्याकाळी डबा भरून ठेवला. चपला वाजल्या. मी भिंतीला हात लावून उभी राहिले.

"काका, त्याला डॉक्टरकडे न्या," मी म्हणाले. "काहीही करून न्या."

चपला थांबल्या. मग दाराकडे गेल्या.

सकाळी डबा पायरीवर होता.

वरच्या पुडात साखर.

मधल्या पुडात बडीशेप. भाजलेली, किंचित जास्तच. अजून कोमट.

मी सिद्धेशला फोन लावला.

रिंग वाजली. भिंतीपलीकडे. तिकडे आता दोघांच्या चपला फरफटत होत्या.

युरोपातून येणाऱ्यांना अमेरिकेनं दार बंद केलं होतं ते मार्चमधल्या एका शुक्रवारी मध्यरात्री. सिद्धेशचं परतीचं तिकीट शनिवार सकाळचं होतं.