लंबकराव आणि मास्तर

दार ढकलून तो आत आला, तेव्हा तिच्या एका डोळ्याला भिंग होतं आणि हातात चिमटा. टॉवेलात गुंडाळलेलं घड्याळ त्याने झोपलेलं बाळ ठेवावं तसं टेबलावर ठेवलं. तिने टॉवेल उलगडला आणि तिच्या काळजाचा ठोकाच चुकला. चाराच्या आकड्यापाशी उडालेला टवका, फोटोत कितीदा पाहिलेला… हे तर लंबकरावांचं घड्याळ!

घड्याळवेड्यांच्या ऑनलाइन कट्ट्यावर लंबकराव आणि ‘मास्तर’ सहा महिने भांडत होते. मास्तर म्हणजे हीच. बाबांची नजर अधू झाल्यावर हे घड्याळदुरुस्तीचं दुकान तिच्याकडे आलं, आणि कट्ट्यावरचं त्यांचं टोपणनावही. लंबकराव असे ठासून लिहायचे की तिने त्यांना साठीचे समजून केव्हाच ‘काका’ करून टाकलं होतं. त्यांच्याशी दोन हात केल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे.

चार दिवसांपूर्वी मात्र तिची जीभ – बोटं म्हणा हवं तर – घसरली. ‘काका, घड्याळ ठणठणीत आहे, ते टांगलंय ती तुमची फळी तिरकी आहे. उगाच हात लावू नका, ते तुमचं काम नव्हे,’ असं तिने चारचौघांत लिहिलं. तेव्हापासून लंबकराव गप्प. ती तासातासाला फोन उघडून बघत होती. माणूस दुखावून निघून गेला आणि त्याचं खरं नावही आपल्याला ठाऊक नाही, याचं तिला रडू येत होतं.

आणि हे काका जेमतेम तिशीचे! समोर उभे राहून चष्मा पुसताहेत.

“चालतं… म्हणजे, दहा मिनिटं. मग थांबतं,” तो अडखळत म्हणाला.

“आधी कुणाला दाखवलं होतं?” तिने साळसूदपणे विचारलं.

“दाखवलं नाही, विचारलं. एक मास्तर आहेत… फार खडूस.”

“हो का?”

“पण जाणकार माणूस. सकाळी उठलं की आधी त्यांचंच वाचायचो. त्या दिवशी मात्र फार लागेलसं बोलले. चारदा उत्तर लिहिलं, चारदा खोडलं. म्हणे, फळी तिरकी! अहो, मी नकाशे काढतो. फळी सरळ आहे एवढं मला कळतं.”

तिने घड्याळ भिंतीला टांगलं, नीट सरळ केलं, लंबक हलवला. “ऐका.”

दोघं कान देऊन उभे राहिले. टिक… टक-टिक… टक-टिक…

“लंगडतंय,” तो कुजबुजला.

दोघांनी या घड्याळाबद्दल पानंच्या पानं लिहिली होती. ते एकत्र ऐकायचं तेवढं राहून गेलं होतं.

तिने मागचं झाकण उघडलं. लंबकाला ढकलणारी तार वाकली होती. फळी सरळच होती तर! गुपचूप तार सरळ केली असती, तर तो घड्याळ घेऊन निघून गेला असता… कायमचा. तिने तार सरळ केली. टिक… टक… टिक… टक.

“चूक मास्तरांची होती,” ती म्हणाली.

“ते कसले कबूल करताहेत!”

“केलं की… आत्ताच.”

कट्ट्यावर कुणी गप्प बसलं तर तो रागावलाय की झोपलाय, काही कळत नाही. इथे त्याचे कान लाल होताना तिला दिसत होते. टॉवेल घ्यायला पुढे झालेला हात मागे गेला, तोही दिसला.

“मास्तर… तुम्ही?”

“माफ करा काका—” सवयीने तोंडून निघून गेलं आणि तिने जीभ चावली.

तो खळखळून हसला. “केलं माफ. पण हे काका आता बंद!”

“घड्याळ आठवडाभर इथे राहील,” ती भिंग पुसत म्हणाली. “ताल टिकतोय का, रोज ऐकावं लागतं.”

“मग मलाही रोज यावं लागेल. तुमच्यावर कसा भरवसा ठेवू?”

“या. पण जे असेल ते तोंडावर बोलायचं. चारदा खोडायचं नाही.”

तो स्टूल ओढून बसला. “आजचं… अजून ऐकून झालं नाही माझं.”

तिने चिमटा खाली ठेवला, दारावरची पाटी ‘बंद’ अशी फिरवली आणि त्याच्या शेजारी येऊन बसली.