पत्रे धुतलेलं पाणी

हौसाबाईंच्या नातीचं, मुक्ताचं बारसं झालं, त्याच साली त्यांच्या माणदेशातल्या गावात घरोघरच्या पत्र्यांवर सूर्यलेप चढला. रंगासारखा पातळ थर, उन्हापासून वीज करणारा; धूळ बसली की धुवावा लागे. तो शोधला होता त्यांच्या शहरात राहणाऱ्या धाकट्या दिराने, दिगंबरने. पुढे त्याच लेपाचे बारीक कण त्याने दवाखान्यासाठी घडवले. सुईने टोचले की ते रोगट पेशींना चिकटत आणि खास कॅमेऱ्यात उजळत. मोठ्या इस्पितळाने गाठी शोधायची जुनी यंत्रं मोडीत काढली.

मुक्ता शाळेत जायला लागली, तेव्हा हौसाबाईंच्या छातीत गाठ निघाली.

"वहिनी, हात वर करा," कॅमेऱ्यापाशी उभा दिगंबर म्हणाला.

"भावाच्या मातीला यायला सवड नव्हती तुम्हाला. आता हुकूम सोडायला आलात?"

"भांडा नंतर. गाठ कुठवर पसरलीय ते दिसलं, तरच सर्जन कापतील."

पडद्यावर हौसाबाईंचं सगळं अंग पांढरंफटक उजळलं. गाठ त्यात कुठेच ओळखू येईना.

"जास्त टोचलंस काय गं?" दिगंबर नर्सवर खेकसला.

"सर, सुई अजून दिलीच नाही."

दिगंबरने स्वतःचा हात कॅमेऱ्याखाली धरला. पडद्यावर तो काळाकुट्टच राहिला. हौसाबाईंनी शेजारी बसलेल्या मुक्ताचा हात ओढून तिथे ठेवला. तो लख्ख उजळला.

"पत्रे धुतलेलं पाणी कुठे सोडता?" त्याने हळू विचारलं.

"सोडतोय कशाला? टँकरचं पाणी ते. पन्हळीखाली मेथी, वांगी लावलीत. सगळं गाव तेच खातंय." त्या थांबल्या. "लेप झिजतो, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"थोडा झिजणार, हे धरलं होतं. पाणी गटारात जाईल असं वाटलं."

"गटार? आपल्या गावात गटार कुठाय, भावजी? तिथंच जन्मलात ना?"

सर्जनने शेवटी अंदाजानेच कापलं. काखेतलं दुखणं आतच राहिलं.

पत्र्यांवरचा लेप गावाने खरवडून काढला. मुक्ताचा हात मात्र दर वर्षी कॅमेऱ्याखाली धरतात, आणि तो तसाच उजळतो. उद्या तिला काही झालं, तर एवढ्या उजेडात ते शोधायचं कसं?

हौसाबाई ऑपरेशन झालं त्याच वर्षी, गौरी बसायच्या आदल्या दिवशी वारल्या.